कारणाच्या रकान्यात न मावणारं

कोणी भाकरी थापत असाल, कोणी जनावरांना वैरण टाकत असाल, कोणी रानातून घरी परतत असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. दर वेळी मी बचत, व्याज, हप्ते, बँकेचं कर्ज यावर बोलते. आज एका पुस्तकाबद्दल सांगणार आहे. ते पुस्तक वाचता वाचता आपल्यासारख्या बायकांना स्वतःच्या आठवणी कशा लिहिता येतील, ते सांगणार आहे.

सुरुवात मात्र गटाच्या दप्तरापासूनच करते. आपल्या कर्जाच्या रजिस्टरमध्ये सभासदाचं नाव, तारीख, रक्कम, हप्ते असे रकाने असतात. त्यात एक रकाना असतो, कर्जाचं कारण. बोटभर रुंदीचा. त्यात आपण एकच शब्द लिहितो. दवाखाना. शेळी. बियाणं. मुलीची फी. घरदुरुस्ती. हिशेबाला तेवढं पुरतं. दप्तर तपासायला येणारा माणूसही तेवढंच बघतो. पण 'दवाखाना' या एका शब्दामागे काय काय असतं, ते बैठकीत बसलेल्या प्रत्येकीला माहीत असतं. सुनेचं बाळंतपण अडलेलं असतं, रात्री दोन वाजता जीप मिळत नसते, कोणीतरी कानातल्या कुड्या काढून हातावर ठेवलेल्या असतात. हे कुठे लिहिलेलं असतं? बहुतेक वेळा कुठेच नाही. ते त्या बाईच्या मनात असतं.

गेल्या काही वर्षांत आमच्या गटांतल्या चार-पाच म्हाताऱ्या सभासद गेल्या. त्यांची बचत आम्ही व्याजासकट हिशेब करून वारसांना दिली, ठराव लिहिला, पावतीवर सह्या घेतल्या. पैशाला वारस मिळाला. त्यांनी बघितलेलं, सोसलेलं, त्यांना आलेलं हसू, हे मात्र कोणाच्याच ताब्यात आलं नाही. तेव्हापासून माझ्या मनात होतं की या बायकांकडून काहीतरी लिहून घ्यायला हवं. पण "तुमच्या आठवणी लिहा" असं नुसतं म्हटलं की सगळ्या जणी हसतात. "आमचं काय लिहायचं ताई? उठलो, राबलो, झोपलो." मग मी माझ्या आवडत्या लेखिकेला मदतीला घेतलं. तिचं नाव लक्ष्मीबाई टिळक, आणि पुस्तकाचं नाव 'स्मृतिचित्रे'.

शाळेच्या पुस्तकात यातला उतारा पुष्कळ जणींनी वाचला असेल. मी अख्खं पुस्तक वाचलं ते बीएला असताना, वाचनालयातून आणून. लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी जन्मल्या. शाळा कधी पाहिली नाही. अकरा-बारा वर्षांच्या असताना नारायण वामन टिळक या कवीशी लग्न झालं. लिहा-वाचायला त्या शिकल्या ते लग्नानंतर, नवऱ्याकडून. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळात, सोवळ्याच्या घरातल्या बाईला हे केवढं मोठं संकट असेल, विचार करा. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग पुन्हा नवऱ्याबरोबर राहायला लागल्या, तरी आपलं पाणी नि स्वयंपाक वेगळा ठेवला. हळूहळू त्यांचं मन बदलत गेलं आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नगर, राहुरी ही आपल्या ओळखीची नावं त्या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतात. बालकवी ठोंबरे यांच्या कविता आपण शाळेत पाठ केल्या. ते कोवळ्या वयात याच लक्ष्मीबाईंच्या घरी मुलासारखे राहिले होते.

टिळक १९१९ साली गेले. मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून तो आईकडे आठवणी मागत होता. त्यातून त्या लिहायला लागल्या. हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं. १९३६ सालीच त्या गेल्या. म्हणजे पुस्तक बाहेर यायला लागलं तेव्हा बाई पासष्टीच्या पुढे होत्या. "आता या वयात काय लिहायचं" असं म्हणणाऱ्या आजींना मी हा आकडा मुद्दाम सांगते.

आम्ही काय केलं ते सांगते. महिन्याची बैठक झाली, बचत गोळा झाली, इतिवृत्तावर सह्या झाल्या, की चहा येईपर्यंत मी या पुस्तकातली दोन-तीन पानं मोठ्यानं वाचायची. पहिल्यांदा लक्ष्मीबाईंच्या वडिलांचा भाग वाचला. या वडिलांचं सोवळं इतकं वाढलेलं होतं की बाजारातून आलेला जिन्नससुद्धा धुऊन घरात घ्यायचा. सगळं घर त्यांच्या त्या सोवळ्यापायी हैराण. लक्ष्मीबाई हे असं सांगतात की आपल्याला हसू आवरत नाही, आणि तरी त्या माणसाचा राग येत नाही. पानं वाचून झाली की मी एकच प्रश्न विचारला. "तुमच्या घरी असं कोण होतं?"

बघता बघता बायका सुरू झाल्या. एकीचा सासरा रोज झोपताना घरातल्या काड्यापेटीतल्या काड्या मोजायचा. एकीची आजी कोंबड्यांना माणसांच्या नावानं हाका मारायची, आणि ज्या भावकीशी भांडण असेल त्यांची नावं मुद्दाम ठेवायची. चहा येऊन गार झाला तरी बोलणं थांबेना. "आमचं काय लिहायचं" म्हणणाऱ्या याच बाया. आवडत्या लेखकाचा पहिला उपयोग हा. त्याच्या घरात डोकावलं की आपल्या घराचं दार आपोआप उघडतं. आपल्याला वाटत असतं की लिहिण्यासारखं म्हणजे काहीतरी मोठं, पेपरात येईल असं. लक्ष्मीबाई दाखवतात की स्वयंपाकघरातली कुरबुर, नवऱ्याचा विसराळूपणा, शेजारणीचं बोलणं, हेच लिहिण्यासारखं असतं.

दुसरी गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यासारखी. त्या घडलेली गोष्ट सांगतात. कोण काय म्हणालं, त्यावर दुसरं काय म्हणालं, ते सांगतात. पुस्तकात संवाद भरपूर आहेत. आपण मात्र लिहायला बसलो की निकाल लिहितो. "माझी आई फार कष्टाळू होती." "फार हाल काढले." हे खरं असतं, पण त्यात तुमची आई दिसत नाही. तिथे कोणाचीही आई बसवता येते.

आमच्या एका गटात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत. त्यांना लिहिता येत नाही, सही करतात. त्यांनी नातीला सांगितलं, लिही, "दुष्काळात फार हाल झाले." नातीनं वहीत एवढंच लिहून आणलं. मी आजींच्या शेजारी बसले आणि विचारत गेले. कुठला दुष्काळ? बहात्तरचा. तुम्ही काय करत होता? खडी फोडायला जात होतो, रस्त्याच्या कामावर. हातात काय असायचं? हातोडी. कशी होती? "दांडा ढिला होता बाई, चिंधी गुंडाळून घट्ट केला होता. लग्नात आलेल्या लुगड्याची चिंधी." दुपारी काय खात होता? सुकडी मिळायची. कशात घ्यायचा? पदरात. मग आजी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "निम्मी खायची, निम्मी धाकट्या दिराला घरी न्यायची. गोड असायची ना ती. रात्री पदराला मुंग्या लागायच्या. मग त्या मुंग्या झटकत बसायचं नि मग निजायचं."

मैत्रिणींनो, बहात्तरच्या दुष्काळावर पुष्कळ लिहून ठेवलेलं आहे. रोजगार हमी, पाझर तलाव, परदेशातून आलेला मिलो, सगळं पुस्तकांत सापडतं. पण पदराच्या मुंग्या त्या आजींनी सांगितल्या म्हणून कळल्या. नातीनं ते सगळं लिहिलं, आजींच्याच शब्दांत. "फार हाल झाले" हे वाक्य तिनं आपणहून खोडलं. त्याची गरजच उरली नव्हती.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे. लक्ष्मीबाई आपला पूर्वीचा स्वभाव लपवत नाहीत. पुस्तक लिहिताना त्या जातपात मानत नव्हत्या. पण एके काळी आपण किती कडक शिवाशीव पाळत होतो, ते त्यांनी तसंच्या तसं लिहिलं. नवऱ्यावर आपण कशा चिडत होतो, तेही लिहिलं. आज आपण शहाण्या झालो म्हणून कालच्या स्वतःला शहाणं करून दाखवलं नाही. त्यामुळेच त्यांचा बदल आपल्याला खरा वाटतो. आपल्यालाही हे जमायला हवं. ज्या बाईनं दुसरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावले होते आणि आज तीच नातीला सायकलवर बसवून शाळेत सोडते, तिनं दोन्ही लिहावं. एकच लिहिलं तर अर्धं राहिलं.

चौथी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. लक्ष्मीबाई लिहायला बसल्या त्या नवऱ्याच्या आठवणी सांगायला. स्वतःबद्दल लिहायचं म्हणून नव्हे. पण टिळकांबद्दल सांगता सांगता त्या स्वतः पानापानांवर येत गेल्या, आणि आज आपण ते पुस्तक वाचतो ते लक्ष्मीबाईंसाठी. आपल्या बायकांना "स्वतःबद्दल लिही" म्हटलं की लाज वाटते. त्यांना म्हणावं, सासूबद्दल लिही, विहिरीबद्दल लिही, म्हशीबद्दल लिही. त्यात ती आपोआप येते.

विहिरीचं एक सांगते. आमच्या एका सभासद काकूंनी "आमची विहीर" या विषयावर दीड पान लिहिलं. त्यांच्या घरात सगळे म्हणतात की विहीर बाबांनी काढली. ते खोटं नाही. काकांनी सुरुंग लावले, स्वतः खाली उतरून दगड भरले. पण चाळीस हातांवर खडक लागला नि पैसे संपले, तेव्हा काकूंनी आपलं डोरलं मोडलं. त्या दिवशी सोनाराच्या दुकानात कोण होतं, तराजूत डोरलं ठेवताना तो काय म्हणाला, नुसत्या काळ्या मण्यांची पोत घालून घरी येताना वाटेत कोण भेटलं आणि पदर कसा गळ्याशी ओढून घेतला, हे सगळं त्यांनी लिहिलं. तक्रारीचा एक शब्द नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे. डोरल्याची नोंद त्या दीड पानाशिवाय कुठेही नाही. त्यांच्या थोरल्या मुलानं ते पान वाचलं आणि आईला विचारलं, "हे मला कधी सांगितलं का नाहीस?" काकू म्हणाल्या, "तू विचारलंस कधी?"

त्यानंतर घरात काही फार मोठं घडलं असं नाही. पण दिवाळीत मुलांनी शेताच्या वाटणीचं बोलणं काढलं, तेव्हा पहिल्यांदा आईला बोलावून मध्ये बसवलं. मला वाटतं, लिहिण्यानं एवढं झालं तरी पुष्कळ.

आता एक दुसरं नाव घेते. फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन आहे. महारवाड्यातलं जगणं, तिथल्या बायकांचे हाल आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनं आलेला बदल त्यात आहे. बेबीताई छोटं किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आलेली रद्दी त्या वाचायच्या. आणि त्या जे लिहीत होत्या ते त्यांनी वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः छापलं गेलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. त्या पुस्तकाचं नाव 'जिणं माझं' नाही, 'जिणं आमुचं' आहे. एका बाईनं लिहिलं, पण ते अख्ख्या वस्तीचं जगणं आहे.

बेबीताईंचं उदाहरण मी मुद्दाम देते. लिहिणं हे सगळ्या घरांत सोपं नसतं. वही सापडली तर "हे कशाला लिहितेस, घरचं चव्हाट्यावर आणायला?" असं विचारणारी माणसं आजही आहेत. त्यामुळे आमच्या गटांनी तीन नियम ठरवलेत. पहिला, वही कोणाला दाखवायची ते लिहिणारी ठरवेल. मी समन्वयक असले तरी तिनं दिल्याशिवाय तिची वही उघडणार नाही. दुसरा, दुसऱ्या जिवंत माणसाचं दुखणं लिहायचं असेल तर त्याला विचारायचं. नणंदेचं मोडलेलं लग्न ही नणंदेची गोष्ट आहे. तिला सांगायची असेल तर ती सांगेल. तिसरा, बैठकीत वाचलेलं बैठकीतच राहील, पाणवठ्यावर जाणार नाही. गटातला पैसा विश्वासावर चालतो, तसंच हेही विश्वासावर चालतं. आणि कोणाला मारहाणीचं, छळाचं लिहावंसं वाटलं, तर नुसतं लिहून थांबायचं नाही. गटातल्या भरवशाच्या बाईशी बोलायचं, मदत मागायची. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. वही ही वहीच्या जागी, मदत ही मदतीच्या जागी.

आता प्रत्यक्ष कसं सुरू करायचं? शंभर पानी साधी वही घ्या. गटाच्या हिशेबाची नको, वेगळी. पहिल्या पानावर "माझा जन्म अमुक साली झाला" असं लिहू नका. तिथून सुरू केलं की दुसऱ्या पानावर कंटाळा येतो. त्याऐवजी घरातली एक जुनी वस्तू समोर ठेवा. जातं असेल, पितळी तांब्या असेल, आईचं लुगडं असेल, बंद पडलेलं घड्याळ असेल. ही वस्तू घरात कोणी आणली, कुठून आणली, त्या दिवशी काय झालं, एवढंच लिहा. पंधरा मिनिटं पुरतात. भाकरीचं पीठ मळून होईल तेवढा वेळ. रोज जमलं नाही तर बाजारच्या दिवशी लिहा.

भाषा तुमचीच ठेवा. "मी पाणी आणण्याकरिता गेले" असं तुम्ही बोलत नाही. "पाण्याला गेले" म्हणता ना? तेच लिहा. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नको. ते दुरुस्त करायला नातवंडं आहेत. एकदा खोडलेला बोलीतला शब्द मात्र परत मिळत नाही. तुमची आजी ज्याला 'कोनाडा' म्हणायची, 'उतरंड' म्हणायची, 'शिंकाळं' म्हणायची, ते शब्द तसेच येऊ द्या. पुढच्या पिढीनं ती वस्तू पाहिलेली नसेल, तर ती कशी दिसायची तेही एका ओळीत सांगा.

लिहिता येत नसेल तर सांगा आणि लिहून घ्या. लिहिणाऱ्या मुलींना माझी एक विनंती. आजी सांगते तसंच लिहा, सुधारू नका. आणि "पुढे काय झालं" यापेक्षा "हातात काय होतं, अंगावर काय होतं, कोण काय म्हणालं" हे विचारा. आजी गप्प बसली तर घाई करू नका, थोडं थांबा. मोबाईलवर आवाज भरून ठेवलात तर उत्तम, पण आधी तिला सांगून.

आणि सोबतीला एक लेखक हवाच. तालुक्याच्या वाचनालयात 'स्मृतिचित्रे' मिळेल, 'जिणं आमुचं' मिळेल. तुमचा आवडता लेखक दुसरा कोणी असेल तर तोही चालेल. दोन पानं वाचा, पुस्तक मिटा, आणि स्वतःला विचारा, असं माझ्याकडे काय आहे? लेखकासारखं लिहायला जाऊ नका. लक्ष्मीबाईंनी लक्ष्मीबाईंसारखं लिहिलं, म्हणून तर ते पुस्तक अजून टिकलं. त्यांच्याकडून धीर घ्यायचा, शब्द आपले वापरायचे.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक वस्तू आणि तिच्यावर लिहिलेलं अर्धं पान घेऊन यावं. आणलेलं वाचायलाच हवं अशी सक्ती नाही. ज्यांना वाचावंसं वाटेल त्या वाचतील, बाकीच्या ऐकतील. आणि ज्या आजी हे आत्ता ऐकतायत पण वही धरू शकत नाहीत, त्यांनी आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला जवळ बोलवावं आणि म्हणावं, "पेन घे, मी सांगते."